चष्मा उतरला, निगा मात्र सुरूच!

लेसर शस्त्रक्रियेनंतर घरी घ्यावयाची डोळ्यांची काळजी

छत्रपती संभाजीनगरचा औरंगपुरा म्हणजे जुन्या शहरातील गजबजलेला भाग. एका बाजूस सरस्वती भुवन संस्थेचे आवार, आसपास पुस्तकांची दुकाने, भाजीबाजाराची वर्दळ आणि हाकेच्या अंतरावर गुलमंडी. विद्यार्थी, शिक्षक, दुकानदार, कार्यालयांत काम करणारे अशांची येथे दिवसभर ये-जा असते आणि त्यांत चष्मा लावणारे पावलोपावली भेटतात. विशी ओलांडली, चष्म्याचा नंबर स्थिरावला की त्यांपैकी काही जण लेसर शस्त्रक्रियेचा विचार करू लागतात.

ही शस्त्रक्रिया दोन्ही डोळ्यांची मिळून साधारणपणे अर्ध्या तासाच्या आत आटोपते. टाके नसतात, भूल म्हणून केवळ थेंब घातले जातात, रुग्णालयात मुक्काम करावा लागत नाही. थोड्या वेळाने रुग्ण काळा चष्मा लावून रिक्षाने घरी येतो आणि बहुधा दुसऱ्याच दिवशी भिंतीवरचे कॅलेंडर चष्म्यावाचून वाचू लागतो. घोटाळा होतो तो येथेच. स्पष्ट दिसू लागले म्हणजे डोळा बरा झाला, असा समज होतो आणि काळजी घेण्यात ढिलाई येते. वास्तविक दिसणे आणि जखम भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली एका दिवसात घडते, दुसरीला आठवडे आणि काही बाबतींत महिने लागतात. शस्त्रक्रिया रुग्णालयात होते. तिचे यश टिकवायचे ते घरी.

'लेसर' शब्दाचा घोळ

आपल्याकडे 'डोळ्याचे लेसर केले' हा शब्दप्रयोग फार सैलपणे वापरला जातो. मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसविण्याच्या शस्त्रक्रियेलाही अनेक घरांत 'लेसर' म्हणतात. ती बहुधा ध्वनिलहरींच्या साहाय्याने केलेली असते. मधुमेहामुळे दृष्टिपटल खराब झाल्यास त्यावर लेसरचे उपचार होतात. काचबिंदूच्या काही रुग्णांवरही लेसर वापरतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर भिंगामागील पडदा धूसर झाल्यास तोही लेसरने साफ करतात. या प्रत्येक उपचारानंतरची पथ्ये निरनिराळी आहेत. शेजारच्या आजोबांना मोतीबिंदूनंतर जे सांगितले, ते चष्म्याचा नंबर काढलेल्या नातवाला लागू पडेलच असे नाही. येथे दिलेली माहिती केवळ चष्म्याचा नंबर घालविण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेपुरती आहे.

डोळ्यात काय घडलेले असते?

बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक थर असतो, त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी साधारण अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक असते. प्रकाशकिरणांना वळविण्याचे बरेचसे काम हे पारपटलच करते. त्याच्या गोलाईत सूक्ष्म बदल केला की प्रतिमा दृष्टिपटलावर नेमकी पडते आणि चष्म्याची गरज उरत नाही.

या उपचाराच्या इतिहासात एका भारतीयाचे नाव अग्रभागी आहे. चेन्नईत जन्मलेले शास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. १९८१ मध्ये सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर त्यांनी एक्सायमर लेसरचा प्रयोग केला. आजूबाजूचा भाग न भाजता ऊती अत्यंत काटेकोरपणे काढता येतात, असे त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी १९८३ मध्ये श्रीनिवासन यांच्यासमवेत ही पद्धत पारपटलासाठी वापरण्याची दिशा दाखविली. पुढे १९९०च्या सुमारास ग्रीसमधील क्रीट बेटावर योआनिस पालिकारिस यांनी 'लॅसिक' ही पद्धत विकसित केली.

आज प्रामुख्याने तीन पद्धती प्रचलित आहेत आणि घरी घ्यावयाची काळजी त्यांनुसार बदलते.

- लॅसिक : पारपटलाचा वरचा पातळ पापुद्रा पुस्तकाच्या पानासारखा उलटला जातो, त्याखालील भागावर लेसर सोडला जातो आणि पापुद्रा पुन्हा जागेवर बसविला जातो. वेदना कमी, दृष्टी लवकर. परंतु पापुद्रा जपावा लागतो.
- पीआरके : पापुद्रा न काढता पारपटलावरील अगदी बाहेरची त्वचा दूर करून लेसर सोडतात. पापुद्रा सरकण्याची भीती नाही. परंतु पहिले तीन-चार दिवस वेदना अधिक आणि दृष्टी स्थिरावण्यास वेळ लागतो.
- स्माइल : पारपटलाच्या आतच लेसरने एक पातळ चकती कापून ती काही मिलिमीटरच्या छोट्या छेदातून बाहेर काढतात. येथेही मोठा पापुद्रा नसतो.

आपल्या डोळ्यांवर यांपैकी कोणती शस्त्रक्रिया झाली, हे रुग्णाने आणि घरातील किमान एका व्यक्तीने नीट विचारून, लिहून घेतले पाहिजे. घरी आल्यावर पडणाऱ्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून असतात.

पहिले चोवीस तास

लॅसिकनंतर भुलीच्या थेंबांचा परिणाम अर्ध्या-पाऊण तासात ओसरतो. मग डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, जळजळ, पाणी वाहणे, उजेड सहन न होणे असा त्रास सुरू होतो. तो चार ते सहा तासांत बराच कमी होतो. या काळात डोळे मिटून पडून राहणे, शक्य तर झोप घेणे हा सर्वांत चांगला उपाय. त्यासाठी घरी पोहोचण्यापूर्वीच खोलीचे पडदे ओढून, अंथरूण घालून ठेवावे. जेवणही शस्त्रक्रियेला निघण्यापूर्वी उरकलेले बरे.

या दिवशी एकच नियम अन्य सर्व नियमांच्या वर आहे : डोळा चोळायचा नाही. लॅसिकमधील पापुद्रा टाक्यांनी शिवलेला नसतो. पारपटलाच्या आतील पेशी पाणी सतत बाहेर खेचत असतात. त्या ओढीने तो जागेवर चिकटून राहतो. त्याच्या कडेवर त्वचेचे नवे आवरण यायला साधारण एक दिवस लागतो. तेवढ्यात हाताचा जोराचा घासा बसला, तर पापुद्रा सरकू शकतो किंवा त्याला सुरकुत्या पडू शकतात. अशा वेळी तो पुन्हा उचलून, धुऊन बसवावा लागतो. पापुद्रा सरकण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो.

जागेपणी मनुष्य सावध असतो. झोपेत हात आपोआप डोळ्याकडे जातो. म्हणून रुग्णालयातून दिलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या वाट्या झोपताना डोळ्यांवर चिकटपट्टीने लावाव्यात. दुपारच्या डुलकीलाही ही सवलत नाही. साधारण आठवडाभर हा नेम पाळण्यास सांगितले जाते. घरात तान्हे मूल किंवा दोन-तीन वर्षांचे लेकरू असेल, तर काही रात्री त्याला दुसऱ्यापाशी झोपवावे. लहानग्याचे बोट किंवा नख डोळ्याला लागणे, हे पापुद्रा हलण्याचे नेहमीचे कारण आहे.

दुसऱ्या दिवशीची तपासणी चुकवू नये. दिसत असले तरी जावेच. पापुद्र्याच्या कडा, त्याखालील सूज, संसर्गाची सुरुवात या गोष्टी रुग्णाला जाणवण्यापूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली डॉक्टरांना दिसतात. बाहेरगावच्या रुग्णांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची. बीड, जालना, परभणीकडून आलेला रुग्ण संध्याकाळच्या एसटीने गावी परतण्याची घाई करतो. खिडकीतून येणारी धूळ, खड्ड्यांचे हादरे आणि दुसऱ्या दिवशी बुडणारी तपासणी असा तिहेरी तोटा त्यात आहे. नातेवाइकांकडे एक रात्र काढून तपासणीनंतरच निघावे.

थेंबांचे वेळापत्रक

शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे तीन प्रकारचे थेंब दिले जातात. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी प्रतिजैविक, सूज व दाह आटोक्यात ठेवण्यासाठी स्टिरॉइड आणि ओलावा टिकविण्यासाठी कृत्रिम अश्रू. प्रतिजैविक बहुधा आठवडाभर असते. स्टिरॉइड लॅसिकनंतर एक-दोन आठवडे, तर पीआरकेनंतर हळूहळू कमी करीत काही आठवडे ते महिने चालते. कृत्रिम अश्रू सर्वांत अधिक काळ वापरावे लागतात.

थेंब घालण्याची रीत साधी आहे, पण ती बऱ्याच घरांत चुकते.

- प्रथम हात साबणाने धुऊन स्वच्छ कापडाने कोरडे करावेत.
- मान मागे टाकून खालची पापणी हलकेच खाली ओढावी. वरच्या पापणीवर दाब देऊ नये.
- बाटलीचे टोक पापणीला वा डोळ्याला टेकता कामा नये.
- एक थेंब पुरेसा असतो. नंतर डोळा मिटून घ्यावा, मिचकावू नये.
- दोन निरनिराळ्या थेंबांमध्ये किमान पाच मिनिटे जाऊ द्यावीत. अन्यथा दुसरा थेंब पहिल्याला वाहून नेतो.
- बाटलीवर 'हलवून वापरा' असे लिहिले असल्यास ती हलवावी.
- गालावर आलेले पाणी स्वच्छ टिपकागदाने गालावरच टिपावे. डोळ्याजवळ पदर, ओढणी वा रुमाल नेऊ नये.

स्टिरॉइडच्या थेंबांबाबत दोन चुका होतात आणि दोन्ही घातक आहेत. डोळा शांत वाटतो म्हणून काही जण ते मध्येच बंद करतात. त्यामुळे सूज उलटू शकते आणि पीआरकेनंतर पारपटलावर धूसरपणा येऊ शकतो. याउलट काही जण थेंबांनी बरे वाटते म्हणून तीच बाटली औषधांच्या दुकानातून पुनःपुन्हा आणतात. स्टिरॉइडच्या दीर्घ वापराने काही व्यक्तींच्या डोळ्यांतील दाब वाढतो. हा दाब दुखत नाही, जाणवत नाही. परंतु दृष्टीच्या नसेला कायमची इजा करू शकतो. म्हणून हे थेंब सुरू करणे, कमी करणे आणि थांबविणे या तिन्ही गोष्टी केवळ डॉक्टरांच्या सांगण्यावरून व्हाव्यात.

पाणी, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर

शहराला पाणी जायकवाडीच्या नाथसागरातून येते. नळाला रोज पाणी नसणे वर्षानुवर्षे येथील नागरिकांच्या अंगवळणी पडलेले असल्याने घरोघरी टाक्या, पिंपे आणि हौद भरून ठेवण्याची सवय आहे. असे साठवलेले पाणी अंघोळीला ठीक असले तरी ताज्या जखमेच्या डोळ्याला ते निर्धोक नाही. साध्या पाण्यात असणारे काही सूक्ष्मजीव पारपटलाला गंभीर संसर्ग करू शकतात. त्यामुळे पहिला आठवडा डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नये. अंघोळ मानेखाली करावी. चेहरा ओल्या, पिळलेल्या स्वच्छ कापडाने डोळे सोडून पुसावा. केस धुणे अगदी आवश्यक असल्यास मान मागे टाकून दुसऱ्याकडून धुऊन घ्यावेत. पोहणे किमान दोन ते चार आठवडे, डॉक्टरांनी अनुमती देईपर्यंत, बंद ठेवावे.

स्वयंपाकघरातून पहिले काही दिवस रजा घेता आली तर उत्तम. मिरच्या भाजणे, खमंग फोडणी, तळणीचा धूर यांनी डोळा चुरचुरतो आणि हात नकळत डोळ्याकडे जातो. ठेचा कुटलेल्या किंवा मिरच्या चिरलेल्या हाताने थेंब घालण्याची चूक तर चांगलीच महागात पडते. देवघरातील धूप-उदबत्तीही काही दिवस दूर ठेवावी. कांद्याने किंवा मन भरून आल्याने डोळ्यांत पाणी आले, तर घाबरण्याचे कारण नाही. अश्रूंनी डोळ्याला अपाय होत नाही. ते पुसण्याच्या घाईत होतो.

घरगुती उपायांविषयी येथे स्पष्टच सांगणे इष्ट. गुलाबपाणी, मध, साजूक तूप, त्रिफळ्याचे पाणी, काजळ, आईचे दूध यांपैकी काहीही शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांत घालू नये. घरातील वडीलधाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. मात्र निर्जंतुक नसलेला कोणताही पदार्थ या काळात संसर्गाला आमंत्रण ठरतो. काजळ, आयलायनर, मस्कारा किमान दोन आठवडे टाळावे आणि पुढे वापरतानाही जुन्या डबीऐवजी नवी डबी घ्यावी.

पीआरके झालेल्यांसाठी

पीआरकेच्या रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी मनाची वेगळी तयारी ठेवावी लागते. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यावर पट्टीसारखे काम करणारी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बसविली जाते. तिच्याखाली नवी त्वचा येण्यास साधारण चार-पाच दिवस लागतात. दुसरा व तिसरा दिवस बहुधा सर्वांत त्रासाचा. वेदना, पाणी आणि प्रकाशाचा त्रास यांमुळे 'काही तरी बिघडले' असे वाटू लागते. दिलेल्या वेदनाशामक गोळ्या वेळेवर घेतल्यास हा काळ सुसह्य होतो. लेन्स स्वतः काढू नये. ती निसटून पडली तर पुन्हा बसविण्याचा प्रयत्न न करता डॉक्टरांना कळवावे.

वेदना असह्य झाली म्हणून भुलीचे थेंब मिळविण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. या थेंबांनी क्षणभर आराम पडतो, पण वारंवार वापरल्यास नवी त्वचा येणेच थांबते आणि पारपटलाला गंभीर इजा होते.

पीआरकेनंतर पहिले काही आठवडे दृष्टी कधी बरी, कधी धूसर अशी राहते आणि पूर्ण स्थिरावण्यास दोन-तीन महिनेही लागू शकतात. शेजारच्या मुलीला लॅसिकनंतर दुसऱ्या दिवशी दिसू लागले, ही तुलना येथे गैरलागू आहे. पद्धत संथ असली म्हणून परिणाम उणा असतो असे नाही. मात्र अतिनील किरणांमुळे धूसरपणा वाढू शकतो. त्यामुळे काही महिने उन्हात बाहेर पडताना चांगल्या प्रतीचा गॉगल अनिवार्य समजावा.

ऊन, धूळ, कूलर आणि सण

मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि घरोघरी कूलर सुरू होतात. लेसरनंतरचा डोळा मुळातच कोरडा असतो; त्यावर कूलरचा किंवा पंख्याचा झोत थेट आला तर चुरचुर वाढते. झोपण्याची दिशा बदलावी, झोत पायांकडून घ्यावा. कूलरच्या टाकीतील पाणी वरचेवर बदलावे.

गुलमंडी, पैठण गेट, औरंगपुरा या पट्ट्यातील रहदारी, खोदकाम आणि धूळ लक्षात घेता पहिला आठवडा बाहेर पडताना दोन्ही बाजूंनी डोळे झाकणारा चष्मा लावावा. दुचाकीवर मागे बसतानाही काचेचे हेल्मेट असावे. डोळ्यांत कण गेलाच तर चोळू नये. कृत्रिम अश्रूंचे एक-दोन थेंब घालून डोळा हळू उघडझाप करावा. तेवढ्याने न निघाल्यास तपासून घ्यावे.

शस्त्रक्रियेची तारीख ठरविताना पंचांगाकडे एक नजर टाकलेली बरी. राजाबाजारातील संस्थान गणपतीपासून निघणारी विसर्जन मिरवणूक आणि तिच्यातील गुलाल, धुळवडीचे रंग, दिवाळीचे फटाके, नवरात्रातील कर्णपुऱ्याच्या यात्रेतील गर्दी व धुरळा हे सारे नव्या डोळ्याचे शत्रू. सणाच्या तोंडावर शस्त्रक्रिया करून महिनाभर घरात कुढत बसण्यापेक्षा सण आटोपल्यावर ती करणे शहाणपणाचे. रंग, गुलाल यांपासून किमान महिनाभर दूर राहावे.

खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रश्न

औरंगपुरा, खोकडपुरा, नागेश्वरवाडी या परिसरात शिक्षणासाठी खोली घेऊन राहणारे अनेक विद्यार्थी आहेत. आईवडील गावी, जेवण खानावळीत आणि खोलीत दोन-तीन जण. शस्त्रक्रिया करून घेताना त्यांना डॉक्टरांची फी आठवते, पण सोबतीचा विचार राहून जातो. पहिले दोन दिवस कोणी तरी सोबत असणे आवश्यक आहे. दाटीवाटीने झोपणाऱ्या खोलीत रात्री शेजाऱ्याचा हात लागण्याचीही शक्यता असते. एक वेगळी खाट, थेंबांच्या वेळांचा भिंतीवर चिकटविलेला कागद, मोबाइलमध्ये लावलेले गजर आणि डबा आणून देणारा एक मित्र एवढी व्यवस्था झाली तरी बरेच काम भागते. परीक्षा पंधरवड्यावर आलेली असताना शस्त्रक्रिया करू नये.

पोलीस, सैन्य, रेल्वे अशा भरतीची तयारी करणाऱ्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. लेसर शस्त्रक्रियेबाबत प्रत्येक सेवेचे आणि पदाचे नियम वेगळे असतात. कोठे ती मान्य असते, कोठे ठरावीक वयानंतर व ठरावीक काळ उलटल्यावरच चालते, तर कोठे ती अपात्रतेचे कारण ठरते. भरतीचे वैद्यकीय निकष आधी वाचावेत, निर्णय नंतर घ्यावा. शस्त्रक्रिया झाल्यावर ती पुसून टाकता येत नाही.

कामावर केव्हा परतावे?

लॅसिक किंवा स्माइलनंतर बहुतेकांना दोन-तीन दिवसांत कार्यालयीन काम सुरू करता येते. पीआरकेनंतर एक आठवडा किंवा थोडी अधिक रजा धरावी. पहिला दिवस दूरचित्रवाणी, संगणक, मोबाइल यांना पूर्ण सुटी द्यावी. त्यानंतर वापरास हरकत नाही, परंतु पडद्याकडे पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे सुकतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद, वीस फुटांपलीकडील वस्तूकडे पाहावे आणि जाणीवपूर्वक पापण्या मिटाव्यात.

वाहन चालविण्याची घाई करू नये. तपासणीत दृष्टी पुरेशी असल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावरच दिवसा चालवावे. रात्रीचे वाहन त्याहून उशिरा. पहिले काही आठवडे दिव्यांभोवती वलये दिसणे, समोरून येणाऱ्या हेडलाइटने डोळे दिपणे हे अनुभव सर्रास येतात. जालना रोडवरील रात्रीच्या रहदारीत ते धोक्याचे ठरू शकतात. बहुतेकांमध्ये हा त्रास तीन महिन्यांत बराच निवळतो.

चालण्याचा व्यायाम लवकर सुरू करता येतो. घाम डोळ्यांत उतरेल असा व्यायाम आठवडाभर, तर शीर्षासनासारखी आसने काही आठवडे थांबवावीत. क्रिकेट, कबड्डी, कुस्ती अशा खेळांसाठी महिनाभर किंवा अधिक थांबावे. लॅसिकचा पापुद्रा पूर्वीइतका बळकट कधीच होत नाही. जोराचा मार बसल्यास तो काही वर्षांनंतरही हलल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. ज्यांचा खेळ वा पेशाच धसमुसळा आहे, त्यांनी म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी पद्धतीच्या निवडीबाबत डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.

कोरडेपणा : सर्वांत चिवट पाहुणा

शस्त्रक्रियेत पारपटलातील सूक्ष्म मज्जातंतू कापले जातात. डोळा कोरडा पडला आहे, अश्रू हवेत, हा निरोप मेंदूला पोहोचविणारे तंतू हेच. ते पुन्हा वाढेपर्यंत कोरडेपणा राहतो. सामान्यतः सहा महिन्यांत तो बराच कमी होतो; काहींना वर्षही लागते आणि थोड्या व्यक्तींमध्ये तो त्याहूनही रेंगाळतो. सकाळी स्पष्ट आणि संध्याकाळी धूसर दिसणे हे पुष्कळदा कोरडेपणाचेच लक्षण असते. नंबर परत आल्याचे नव्हे. कृत्रिम अश्रू 'वाटेल तेव्हा' न घालता ठरल्या वेळी घालावेत. संरक्षक द्रव्य नसलेले थेंब वारंवार वापरण्यास अधिक योग्य.

रोज एकेक डोळा झाकून दोन्हींची तुलना करण्याचा छंद मात्र लावून घेऊ नये. दोन्ही डोळे एकाच वेगाने बरे होत नाहीत. थोडा नंबर उरला असे वाटले तरी तो स्थिर होईपर्यंत, म्हणजे साधारण तीन ते सहा महिने, पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार केला जात नाही.

या लक्षणांना क्षणाचाही विलंब नको

पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांशी संपर्क साधावा :

- कमी होत आलेली वेदना पुन्हा वाढणे
- लाली किंवा प्रकाशाचा त्रास वाढत जाणे
- चांगली झालेली दृष्टी अचानक कमी होणे
- डोळ्यातून पू किंवा चिकट, पिवळसर स्राव येणे
- पारपटलावर पांढरा ठिपका दिसणे
- डोळ्याला मार, नख किंवा फांदी लागणे
- डोळ्यांसमोर वीज चमकल्यासारखे होणे, काळे ठिपके एकाएकी वाढणे किंवा पडदा आल्यासारखे वाटणे

घरी येण्यापूर्वीच डॉक्टरांचा रात्रीचा दूरध्वनी क्रमांक घेऊन ठेवावा. संपर्क होऊ शकला नाही, तर सकाळची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे. शहरातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, म्हणजेच सर्वांच्या परिचयाची 'घाटी', त्यासाठी आहेच. जाताना थेंबांच्या सर्व बाटल्या आणि शस्त्रक्रियेचे कागद सोबत न्यावेत.

जपून ठेवावी अशी एक फाइल

डोळे बरे झाले, चष्मा कपाटात गेला की कागदपत्रेही रद्दीत जातात. ही चूक वीस-तीस वर्षांनी भोवते. पुढे मोतीबिंदू झाल्यावर डोळ्यात बसवायच्या भिंगाची शक्ती पारपटलाच्या गोलाईवरून काढतात. लेसरने ती बदललेली असल्याने नेहमीचे गणित चुकू शकते. काचबिंदूच्या तपासणीतही पातळ झालेल्या पारपटलामुळे दाब असतो त्याहून कमी दाखविला जातो. शस्त्रक्रियेपूर्वीचा चष्म्याचा नंबर, पारपटलाची जाडी व गोलाई यांचे अहवाल आणि शस्त्रक्रियेचा तपशील हे सारे एका फाइलमध्ये ठेवून त्याची छायाचित्रेही काढून ठेवावीत. नव्या डॉक्टरांना लेसर झाल्याचे आवर्जून सांगावे.

दोन गोष्टी लेसरने बदलत नाहीत, हेही ध्यानात असावे. जास्त उणे नंबर असलेला डोळा मुळात लांबट असतो आणि चष्मा गेला तरी तो लांबटच राहतो. त्याच्या दृष्टिपटलाला असणारा धोका कायम असल्याने वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा. दुसरी गोष्ट चाळिशीची. वयानुसार जवळचे पाहण्यासाठी लागणारा चष्मा लेसर झालेल्यांनाही बहुधा लागतोच. त्यात शस्त्रक्रियेचे अपयश नसते.

शस्त्रक्रियेची काही मिनिटे डॉक्टरांच्या हातात असतात. त्यानंतरचा महिना मात्र थेंबांची वेळ सांभाळणारी आई, डबा आणणारा मित्र आणि चोळण्यासाठी उचललेला हात वेळीच खाली घेणारा रुग्ण यांच्या हातात असतो. चांगले दिसू लागल्यानंतरही ही शिस्त जो पाळतो, त्याचीच दृष्टी टिकते.